सीमेवरचा स्पॅन सगळ्यात सोपा

प्रश्न शिरपूरकडच्या एका तरुण इंजिनिअरचा आहे. धुळे-साक्री भागात ४०० केव्हीच्या साइटवर त्याने काम केलंय आणि आता ठेकेदार कंपनी त्याला गोरखपूर–बुटवल या भारत–नेपाळ लाइनवर पाठवतेय. तो विचारतो: "दादा, टॉवर तेच, तार तीच, गँगही तीच. मग दोन देशांमधल्या लाइनला एवढी वर्षं का लागतात? सीमेवर नेमकं वेगळं काय करावं लागतं?"

भाऊ, सीमेची धास्ती आधी डोक्यातून काढ. अख्ख्या लाइनमध्ये सीमा ओलांडणारा स्पॅन, म्हणजे दोन टॉवरमधला टप्पा, हाच सगळ्यात बिनघोर असतो. ४०० केव्हीला दोन टॉवरमध्ये साधारण ४०० मीटर धरतात, हे तुला माहीत आहे. भारत–नेपाळ सीमेवर दोन्ही बाजूंना दहा-दहा यार्डांचा मोकळा पट्टा असतो, तिकडचे लोक त्याला दशगजा म्हणतात. सगळा मिळून अठरा मीटर. तो मोकळाच ठेवायचा, तार वरून निघून जाते. बांगलादेशाच्या सीमेवर दोन्हीकडे १५० यार्डांत संरक्षण स्वरूपाचं बांधकाम करायचं नाही, असं १९७५ मध्ये ठरलेलं आहे. टॉवर म्हणजे काही चौकी नव्हे, पण वाद ओढवून कशाला घ्यायचा? १५० यार्ड म्हणजे १३७ मीटर, दोन्ही मिळून २७४. तेही चारशेच्या स्पॅनमध्ये आरामात बसतं. दशगजावर तर केळी, विहीर किंवा कोणाचं घर असायचं कारण नाही. सीमेवरच्या दलाची परवानगी (बांगलादेशाकडे सीमा सुरक्षा दल, नेपाळकडे सशस्त्र सीमा बल), ड्रोन उडवायला मनाई, दोन्ही देशांच्या सर्व्हे पथकांनी एकत्र उभं राहून सीमेवरचा बिंदू पक्का करणं, एवढं सोपस्कारांचं काम. तो बिंदू मात्र दोघांनी एकाच यंत्रणेत मोजायचा. जुने नकाशे वेगवेगळ्या मोजणीवर बेतलेले असतात, आणि दोघांनी आपापल्या नकाशावरून लाइन आखली तर दोन अलाइनमेंट समोरासमोर येऊन थोड्या अंतराने चुकतात. सीमेजवळच दोन्हीकडे अँगल टॉवर, म्हणजे लाइनला वळण देता येणारे टॉवर, देतात, त्याचं एक कारण हेच.

मग वर्षं जातात कुठे? लाइन वापरायचं भाडं कोण भरणार, या एका प्रश्नावर.

आपल्याकडे धुळ्याला ७६५ केव्हीचं सबस्टेशन आहे. तिथून एक लाइन वडोदऱ्याला जाते, एक औरंगाबादेकडे. धुळे–वडोदरा लाइन राज्याची हद्द ओलांडते, पण नवापूरच्या पुढे गुजरात लागला म्हणून कोणाला नवा करार करावा लागला नाही. देशातल्या आंतरराज्य लाइनचा खर्च केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या नियमांनी सगळ्या वापरणाऱ्यांत वाटला जातो. एका वर्षी त्या लाइनवरून कमी वीज गेली, तरी बांधणाऱ्याचं भाडं बुडत नाही. देशाची सीमा आली की ही सोय संपते. भाडं वाटून घेणारा मोठा समूह तिथे नसतो. एक गिऱ्हाईक असतं, फार तर दोन, आणि त्यातलं एक सरकारी वीज मंडळ असतं ज्याच्या पगाराचीच पंचाईत असते.

म्हणून बँक पहिला प्रश्न विचारते तो मेगावॅटचा नसतो. वीज वापरो न वापरो, पंचवीस वर्षं ठरलेलं भाडं कोण देणार, हे ती विचारते. मुझफ्फरपूर–ढल्केबर ही भारत–नेपाळमधली पहिली ४०० केव्ही लाइन याच करारावर उभी राहिली. नेपाळ विद्युत प्राधिकरणाने दीर्घ मुदतीचं भाडं कबूल केलं, तेव्हा भारतातल्या आणि नेपाळातल्या तुकड्यांसाठी दोन वेगळ्या संयुक्त कंपन्या झाल्या आणि खड्डे खणायला सुरुवात झाली. त्या काळात नेपाळात हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास भारनियमन असायचं. खान्देशात भारनियमनाची वर्षं आपण काढलीत, रात्री दोनला पंप चालू करायला बापाबरोबर वावरात गेलेली तुमची पिढी आहे, त्यामुळे तशा अवस्थेत माणूस किती घासाघीस करू शकतो हे मी सांगायला नको.

दोन देशांत हे ठरवणं किती किचकट, हे कळायला आपल्याच नंदुरबारकडे बघ. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी-अक्कलकुव्याची गावं गेली. तिथल्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७, गुजरातचा १६. हे आकडे १९७९ च्या नर्मदा लवादाने ठरवले. लोकांना ते पटले-न पटले हा वेगळा विषय, पण ठरवणारा कोणीतरी होता आणि त्याचा निवाडा तिन्ही राज्यांवर बंधनकारक होता. दोन देशांच्या डोक्यावर असा कोणी नसतो. जे काही ठरायचं ते आधी, कागदावर, दोघांच्या सह्यांनी.

आणि करार पक्का असला तरी एकच गिऱ्हाईक असलेली लाइन धोक्याचीच. झारखंडमधल्या गोड्ड्याचा १६०० मेगावॅटचा प्रकल्प फक्त बांगलादेशासाठी उभारला. २०२३ मध्ये वीज सुरू झाली, पण लाइन फक्त तिकडेच जाणारी. २०२४ मध्ये ढाक्यात सरकार कोसळलं, थकबाकी वाढली, पुरवठा कमी करावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये भारत सरकारने नियम बदलून अशा प्रकल्पाला देशातल्या ग्रिडला जोडायची मुभा दिली. मुभा मिळाली म्हणून लाइन लगेच होत नाही, हे तुला आणि मला माहीत आहे. माझं मत विचारशील तर अशा प्रकल्पाला पहिल्या दिवसापासून दुसरं दार असायला हवं, मग त्यासाठी सबस्टेशनमध्ये दोन बे (लाइन जोडायच्या जागा) जास्तीचे बांधावे लागले तरी चालतील.

सगळ्या सौद्यांत पैसाच असतो असंही नाही. त्रिपुरातल्या पालाटणाच्या गॅस प्रकल्पाची अवजड यंत्रं सिलीगुडीच्या डोंगरी रस्त्याने जाणं अवघड होतं. बांगलादेशाने आशुगंज बंदरातून आपल्या हद्दीतून ती जाऊ दिली. पुढे त्याच त्रिपुरातून बांगलादेशातल्या कोमिल्ल्याला १०० मेगावॅट वीज मिळाली, मार्च २०१६ मध्ये. हिशेब असा कुठल्या कुठे जुळतो.

आता दुसरी गोष्ट, जी साइटवरच्या इंजिनिअरला बहुतेक कोणी समजावून सांगत नाही: दोन ग्रिड जोडायच्या कशा. तार बांधली, ब्रेकर बंद केला, झालं, असं नसतं.

आपली ग्रिड खऱ्या अर्थाने एक झाली ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाइन चालू झाली तेव्हा. त्याआधी दक्षिणेची ग्रिड स्वतःच्या फ्रिक्वेन्सीने चालायची. पश्चिमेकडून तिकडे वीज जायची त्यातला एक मोठा रस्ता चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या १००० मेगावॅटच्या बॅक-टू-बॅक केंद्रातून होता. एका बाजूने एसी आत येतो, त्याच इमारतीत थायरिस्टरच्या (मोठ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) रांगा त्याचा डीसी करतात, आणि लगेच दुसऱ्या बाजूला त्याचा पुन्हा एसी होतो. लांब डीसी लाइन नाहीच. दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी एक नसली तरी चालते, आणि किती मेगावॅट जाऊ द्यायचे ते ऑपरेटर ठरवतो. या येरझारीत दीडेक टक्का वीज खर्ची पडते आणि केंद्राची किंमत बरीच असते.

बांगलादेशाशी जोडताना हेच तंत्र वापरलं. मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या बहरामपूरपासून तिकडच्या भेडामारापर्यंत ४०० केव्ही लाइन, सुमारे सत्तर किलोमीटर आपल्याकडे आणि तीसेक त्यांच्याकडे, आणि भेडामाऱ्याला ५०० मेगावॅटचं बॅक-टू-बॅक केंद्र. ऑक्टोबर २०१३ मध्ये चालू झालं, २०१८ मध्ये दुसरं ५०० मेगावॅट जोडलं. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राचा एक ५०० चा संच डोळ्यांसमोर आण, तेवढी वीज एका इमारतीतून.

या सोयीची दुसरी बाजू १ नोव्हेंबर २०१४ ला दिसली. भेडामाऱ्याचं केंद्र ट्रिप झालं, बांगलादेशाच्या ग्रिडमधून साडेचारशेच्या आसपास मेगावॅट एका क्षणात गेले आणि सगळा देश अंधारात गेला. भारताच्या ग्रिडला काही झालं नाही. डीसीचं हेच आहे: पलीकडचा गोंधळ अलीकडे येऊ देत नाही, पण पलीकडचा पडायला लागला तर आपोआप हातही देत नाही. एसीने जोडलेलं असतं तर आपल्याकडच्या शेकडो संचांनी त्या क्षणी थोडी-थोडी वीज तिकडे ढकलली असती. आणि कदाचित तो धक्का आपल्याकडेही आला असता. जुलै २०१२ मध्ये आपली अर्धी ग्रिड कोसळल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे तशी जोखीम घ्यायला कोण तयार होणार?

नेपाळ मात्र आपल्याशी एसीनेच जोडलेला आहे. त्यांची व्यवस्था छोटी, पूर्वीपासून ३३ आणि १३२ केव्हीच्या लाइनने बिहार-उत्तर प्रदेशाला चिकटलेली. मोठ्या ग्रिडच्या आधाराने त्यांची फ्रिक्वेन्सी स्थिर राहते. कोमिल्ल्याला तिसरीच तऱ्हा केली: बांगलादेशातला तेवढा भाग त्यांच्या ग्रिडपासून वेगळा काढून त्रिपुराला जोडला. साधा, स्वस्त उपाय, पण शंभर-दीडशे मेगावॅटच्या वर तो चालवू नये असं मला वाटतं.

तू गोरखपूरला पोचलास की पहिल्या आठवड्यात एक काम कर. दोन्ही बाजूंच्या कामाचं वेळापत्रक माग आणि टोकाची सबस्टेशनं कधी तयार होणार ते बघ. लाइनचं नव्हे, सबस्टेशनचं. मुझफ्फरपूर–ढल्केबरची तार फेब्रुवारी २०१६ मध्ये चालू झाली, पण ४०० केव्हीची लाइन १३२ केव्हीने, कारण ढल्केबरचं मोठं सबस्टेशन झालेलं नव्हतं. २०१८ मध्ये २२० वर आणि २०२० मध्ये ४०० वर नेली. लोक याला फजिती म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. पाच वर्षं तार उघड्यावर वीजेशिवाय लटकत ठेवली असती तर कंडक्टर आणि टॉवरचे लोखंडी भाग दोन्ही चोरीला गेले असते, आणि नेपाळला सुरुवातीला मिळालेली ऐंशी मेगावॅटही मिळाली नसती. कमी दाबाने का होईना, लाइन चार्ज करून टाकणं हाच शहाणपणा.

बुटवलच्या लाइनवर नेपाळचा तुकडा जेमतेम वीस किलोमीटरचा आहे. तो अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशनच्या अनुदानातून व्हायचा होता. करारावर सही सप्टेंबर २०१७ ची, नेपाळच्या संसदेची मंजुरी फेब्रुवारी २०२२ ची. मधली साडेचार वर्षं काठमांडूच्या रस्त्यांवर मोर्चे निघत होते. वीस किलोमीटरची स्ट्रिंगिंग, म्हणजे तार ओढण्याचं काम, तुझी गँग एका हंगामात करेल.

जागेच्या बाबतीत तुला घरच्यासारखंच वाटेल. शिंदखेड्याकडे टॉवरची मार्किंग करायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "टावर मन्हाच वावरमा काब?" तराईत, म्हणजे सीमेलगतच्या सखल पट्ट्यात, भाषा भोजपुरी किंवा मैथिली असेल, प्रश्न तोच. आपल्याकडे विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ ने जुन्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार मिळतात, म्हणजे जमीन संपादित न करता टॉवर उभा करता येतो आणि मोबदला द्यायचा. जून २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के असा मोबदला सुचवला आहे. ४०० केव्हीला हा पट्टा ४६ मीटरचा. पलीकडे गेलास की कायदा, दर आणि अधिकारी सगळं बदलतं, आणि इथेच तेढ निर्माण होते: सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचे नातेसंबंध असतात, इकडे काय भाव मिळाला ते तिकडे दुसऱ्या दिवशी माहीत असतं. अलीकडच्या प्रांताधिकाऱ्याशी बोलताना पलीकडचा दर माहीत ठेव.

फाउंडेशनचं मात्र वेगळं पडेल. तुझे हात काळ्या मातीला सरावलेले. उन्हाळ्यात हातभर भेग, पावसाळ्यात फुगवटा, म्हणून आपण खोल जातो आणि भराव बाहेरून मुरूम आणून करतो. तराईत गाळाची माती आणि वर-वर पाणी. खड्डा अर्धा झाला की तळातून पाणी उसळतं आणि बाजू ढासळायला लागते. पंप रात्रंदिवस चालू ठेवून शीट लावून काम करायचं. नद्या पात्र बदलतात, त्यामुळे आज शेतात दिसणारा टॉवर पुढच्या पुरात नदीत असू शकतो. अशा ठिकाणी पाईल फाउंडेशनवर काटकसर करू देऊ नकोस. आणि जानेवारीतलं धुकं. आपल्याकडे इन्सुलेटरची काळजी मुख्यतः भुसावळच्या राखेमुळे आणि सिमेंटच्या धुळीमुळे करावी लागते. तिकडे ओल्या धुक्यात साचलेल्या धुळीतून फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे इन्सुलेटरवरून ठिणगी उडते, आणि पहाटे लाइन एकामागोमाग ट्रिप होतात. पॉलिमर इन्सुलेटर का मागितलेत, हे स्टोअरच्या माणसाला विचारत बसू नकोस.

आता परमिट, म्हणजे लाइन बंद करून तिच्यावर काम करायची परवानगी. हे नीट वाच.

आपल्याकडे लाइनवर दुरुस्तीला जायचं तर दोन्ही टोकांच्या सबस्टेशनला फोन जातो. एक टोक धुळे, एक औरंगाबाद, आणि बहुतेक वेळा ऑपरेटरचा आवाजही ओळखीचा असतो. सीमेपलीकडच्या लाइनवर तू ज्या आयसोलेटरच्या (लाइन तोडून ठेवणाऱ्या स्विचच्या) भरवशावर टॉवरवर चढतोस तो दुसऱ्या देशात असतो. तो उघडलाय का, त्याला कुलूप घातलंय का, अर्थ स्विच लागलाय का, हे तुला दिसत नाही. तिकडच्या माणसाला आपल्या भार नियंत्रण केंद्राकडून, त्याच्या भार नियंत्रण केंद्राकडून आणि मग सबस्टेशनकडून असा तीन हातांतून निरोप जातो. म्हणून तिथे "हो साहेब, बंद केलंय" हे शब्द चालत नाहीत. प्रत्येक निरोपाला संदेश क्रमांक असतो, तो दोन्हीकडच्या वहीत वेळेसह लिहायचा, आणि घेणाऱ्याने तो पूर्ण परत वाचून दाखवायचा. त्यानंतरही कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या डिस्चार्ज रॉडने अर्थ लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. डबल सर्किट लाइनवर तर अजिबात नाही: शेजारचं सर्किट चालू असतं आणि त्याच्या इंडक्शनने बंद तारेवर माणूस मारण्याइतका दाब चढतो. ज्या माणसाने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं, तो जेवायला गेला असेल तर वाट बघायची. पश्चिम बंगालमधल्या मालद्याच्या गँगची पोरं टॉवरवर माकडासारखी चढतात आणि घाई करतात. त्यांना अर्थ लावल्याशिवाय चढू देऊ नकोस, ठेकेदार कितीही ओरडला तरी.

घड्याळाचंही एक आहे. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, बांगलादेशाचं अर्धा तास. आपल्याकडे विजेचं वेळापत्रक दिवसाच्या ९६ पंधरा-पंधरा मिनिटांच्या ब्लॉकमध्ये ठरतं. म्हणजे नेपाळशी बरोबर एका ब्लॉकचा फरक पडतो आणि ढाक्याशी दोन. वेळापत्रक भारतीय वेळेत चालतं, पण तिकडच्या ऑपरेटरच्या भिंतीवर त्याचंच घड्याळ असतं. परमिटच्या वहीत वेळ लिहिताना कुणाची वेळ ते प्रत्येक वेळी लिही. मीटर दोन्ही टोकांना असतात, मुख्य आणि तपासणीचा, आणि दोन्ही टोकांच्या आकड्यांतला फरक म्हणजे लाइनमधली गळती. तो फरक दिवसभर एकसारखा न राहता एकाच ब्लॉकपुरता उडत असेल तर आधी घड्याळ तपास, मीटर नंतर.

कागद कोणते वाचायचे ते विचारलं नाहीस, तरी सांगतो. केंद्राच्या २०१८ च्या सीमापार वीज व्यापाराच्या मार्गदर्शक सूचना आणि नियामक आयोगाचे २०१९ चे नियम, दोन्ही थोडक्यात आहेत. त्यात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची मंजुरी कधी लागते ते आहे. नेपाळच्या ज्या प्रकल्पांत चीनचा पैसा आहे त्यांची वीज आपण का घेत नाही, हे नेपाळी सहकारी तुला चहावर हमखास विचारतील, त्याचं उत्तर याच चौकटीत सापडतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची चाळीस मेगावॅट वीज आपल्या ग्रिडमधून पहिल्यांदा बांगलादेशाला गेली, तीही याच नियमांखाली, ढल्केबरच्या लाइनने येऊन आणि बहरामपूरच्या लाइनने बाहेर पडून. पावसाळ्यात त्यांच्या नद्या भरलेल्या असताना ते विकतात आणि हिवाळ्यात आपल्याकडून घेतात, त्यामुळे तुझी लाइन वर्षात दोन्ही दिशांना चालेल. प्रोटेक्शनच्या सेटिंगचा कागद हातात आला की दोन्ही दिशांच्या प्रवाहासाठी तपासलाय का, एवढं कमिशनिंगच्या इंजिनिअरला विचारून घे.